ती कोणाची तरी असेल

ठाण्याच्या व्हरांड्यात ओळीने मांडलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या चपला अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी "एखादं प्रकरण सांगा" म्हणालं की मला आधी त्या चपलाच दिसतात. टाचेला झिजलेल्या, एकीचा अंगठा सुतळीने बांधलेला, एकीला दोन्ही पायांत वेगवेगळा रंग. आणि त्यांच्यासमोर कपाळाला आठ्या घालून उभी असलेली गावातली शहाणी माणसं.

मी श्रेणी उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो, पण लागलो होतो शिपाई म्हणून. शाळा दहावीलाच सुटली. माझं गाव पार समुद्राकाठी. भरती इकडे निघाली म्हणून इकडे आलो आणि हिंगोली जिल्ह्यातच नोकरी सरली. पहिल्या दिवशी एका बाईने मला विचारलं, "काहून उभे हाव?" "काहून" म्हणजे "का" हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटलं ती काहीतरी खायला मागते आहे. स्वभावाने मी भित्रा. चोराला भिणारा नव्हे, चुकीला भिणारा. नोंद घेतल्यावर ती पुन्हा वाचायची, लॉकअपचं कुलूप दोनदा ओढून पाहायचं, घरी जाऊनही छातीत धडधड. त्या काळात मी भाड्याने राहायचो त्या घरातली मावशी न बोलता माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर भाकरी आणि ठेचा झाकून ठेवायची. कोणी तिला विचारलं, हा कोण, तर म्हणायची, "आसन कोनाचं तरी लेकरू." इकडे "असेल"ला "आसन" म्हणतात. त्या भाकरीचे उपकार मी विसरलेलो नाही. आणि त्या वाक्याची गंमत मला खूप वर्षांनी, या प्रकरणात कळली.

तेव्हा मी बीट हवालदार होतो. इकडे हवालदाराला लोक जमादारच म्हणतात. हळद शिजवण्याचे दिवस होते. शेताशेतांतून वाफ निघत होती आणि ठाण्यात तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाचे हातसुद्धा पिवळे असायचे.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. जवळच्या एका गावचा पोलीस पाटील एका माणसाला घेऊन आला. माणूस चाळिशीचा, अंगाने मजबूत, मान खाली. त्याची आई आदल्या दिवशी जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून बेपत्ता झाली होती. म्हातारीला विसरण्याचा आजार. कधी घरच ओळखायची नाही, कधी नातवाला स्वतःच्या बापाच्या नावाने हाक मारायची. ठाणे अंमलदाराने मिसिंग दाखल केली, वर्णन घेतलं, वायरलेसवरून शेजारच्या ठाण्यांना कळवलं. मुलाने मोबाईलमध्ये फोटो दाखवला. लग्नातला होता. म्हातारी हिरव्या लुगड्यात, नाकात नथ, डोक्यावर पदर, मागे लाइटिंग. तोच फोटो पोलिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला.

त्याच दुपारी मला फोन आला. त्या गावच्या फाट्यावर चहाची टपरी चालवणारा एकजण मला अधूनमधून खबर द्यायचा.

"जमादार, म्हातारी हरवली न्हाई. हरवली म्हनून सांगून राहिलेत."

"मग?"

"पोरानं हात बांधून नेली गाडीवर. धरणाकडं."

"तू पाहिलंस?"

"सगळ्या गावाला म्हाईत हाय ना."

"तू पाहिलंस का, ते विचारतोय."

"आता जमादार, समदं गाव काय खोटं बोलन?"

खबर आली की तपासणं भाग असतं. मी गावात गेलो. मारुतीच्या पारावर माणसं आधीच जमली होती. गावात एक वजनदार आण्णा होते. ते मधोमध बसले आणि बाकीचे त्यांच्या दोन्ही अंगांना. आण्णांनी घसा साफ केला.

"सकाळीच दोघांत जोराचं भांडण झालं. मंग यानं म्हातारीला ओढीत गाडीपशी नेली. हात बांधले. संध्याकाळी एकलाच आला. हातात जिलेबीचा पुडा!"

"बराबर," शेजारचा म्हणाला.

"आन् रडला का? एक टिपूस न्हाई," तिसरा म्हणाला.

"म्हातारीच्या नावावर रान हाय थोडं," हे चौथ्याने हळूच.

मी प्रत्येकाला विचारलं. प्रत्येकाने तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. हात बांधले, ओढीत नेली, रडला नाही, जिलेबी. एकाच्या बोलण्यात तर हाताबरोबर तोंडही बांधलेलं होतं. आमच्या धंद्यात साक्षीदार एकमेकांशी जुळले की तपासी अंमलदाराला बरं वाटतं. मला मात्र ते खटकलं. एका घरातले चौघे एका लग्नाला जाऊन आले तरी जेवणात काय होतं यावर त्यांचं एकमत होत नाही. इथे अख्ख्या पाराचं कसं झालं?

पण लगेच दुसरा विचार आला. मी एकटा शहाणा कसा? इतकी माणसं सांगतात तर काहीतरी असेलच. खरं सांगतो, परतताना मला त्या मुलाचा चेहरा आठवला तोसुद्धा आधीपेक्षा वाईट दिसू लागला होता.

त्यात दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या काठावर मासेमारी करणाऱ्यांना बायकी चप्पल सापडली. ती ठाण्यात आणली. आण्णा आणि गावातली काही माणसं तेव्हा ठाण्यातच बसून होती. आण्णा वाकले, बघितलं आणि म्हणाले, "हीच." लगेच मागून आवाज आले. हीच. व्हय, तिचीच. मुलाला विचारलं तर त्याने चपलेकडे बराच वेळ पाहिलं आणि पुटपुटला, "आसन."

ठाण्याबाहेर गर्दी वाढली. आमचे साहेब वयाने तरुण, पण माणूस डोक्याने थंड. त्यांनी पाण्यात शोध घ्यायला सांगितलं आणि मला म्हणाले, "काका, मुलाशी तुम्ही बोला. तुमच्याशी बोलेल तो."

मी त्याला आतल्या खोलीत घेतलं, दार पुढे केलं. चहा मागवला. त्याने कप नुसता धरून ठेवला.

"सकाळी भांडण झालं?"

"व्हय."

"कशावरून?"

"माय गाडीवर बसंना. म्हने, बैलगाडी आन. आता बैलगाडी कुठून आनू साहेब? बैल इकून जमाना झाला."

"हात बांधलेस?"

"हात न्हाई. कंबर." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "माझ्या कंबरंला तिची कंबर बांधली पटक्यानं. ती चालत्या गाडीवरून उतराया बघती. मागल्या खेपंला पडता पडता ऱ्हायली."

डोक्याला गुंडाळायच्या लांब पटक्याने आईला स्वतःशी बांधून नेणारा माणूस आणि हात बांधून नेणारा माणूस, लांबून पाहिलं तर सारखेच दिसतात.

"हे गावासमोर का नाही सांगितलंस?"

"कुनी इचारलं? त्यायनीच समदं सांगितलं."

"बाजारात काय झालं?"

"लिंबाखाली बसवली तिला. म्हनली, जिलेबी पाह्यजे. पटका तिच्या हातात दिला. म्हन्लं, माय, ह्यो धरून बस, हालू नको. आलो तर माय न्हाई. लै हिंडलो साहेब. मंग गावचं कुनीतरी म्हनलं, आपल्याकडची जीप गेली, तिच्यात बसली आसन. मला वाटलं, आसन. घरी गेलो तर न्हाई. जीपवाल्यांना वाटलं, ती माझ्यासंगं हाय."

जिलेबीचा हिशेब लागला. पण तेवढ्याने माणूस सुटत नाही. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात तोच बोलला. आवाज अगदी लहान झाला होता.

"साहेब, एक इचारू?"

"विचार."

"एवढी समदी म्हनून राहिलेत. आण्णा म्हनतेत, चुलते म्हनतेत. रातभर झोप न्हाई मला. मला सकाळपासून असं वाटाया लागलंय, मीच कुठं धरणाकडं गेलो असन का? गेलो असन आन् ध्यानात न्हाई? मायसारकंच माझंबी डोकं गेलं का?"

या माणसाला अजून थोडा वेळ बसवून ठेवलं असतं तर त्याने कबुलीजबाब दिला असता, आणि तो खोटं बोलतोय हे त्याला स्वतःलाही कळलं नसतं. लोकांच्या बोलण्याला एवढी ताकद असते हे मी त्या दिवशी समोर पाहिलं. मी त्याला म्हटलं, "तू चहा पी. तुझं डोकं ठीक आहे. आता तू घरी जा आणि मी बोलावीन तेव्हा ये."

साहेबांना मी सगळं सांगितलं आणि चपलेची ओळख परेड घ्यायची परवानगी मागितली.

"चपलेची?" साहेब हसले. "घ्या. कायद्यात कुठे नाही म्हटलंय?"

घरी येऊन बायकोला कामाला लावलं. ती आमच्या गल्लीतल्या आज्यांच्या चपला गोळा करत फिरली. प्रत्येक दारात एकच प्रश्न. "जमादारीनबाई, पोलिसांना माझी चप्पल कशाला? मी काय केलं?" शेजारची एक आजी तर विश्वासच ठेवायला तयार नव्हती. ती चपलेबरोबर स्वतःच ठाण्यात आली आणि कोपऱ्यात बाकावर बसून राहिली, नजर आपल्या चपलेवर.

व्हरांड्यात चपला मांडल्या, त्यांच्यात धरणावरची. या वेळी मी एक काळजी घेतली. एकेकालाच आत घ्यायचं, आणि बघून झालेल्याला बाहेर बसलेल्यांत मिसळू द्यायचं नाही. त्याला मागच्या दाराने शिपायाकडे.

पहिल्याने तिसरी चप्पल दाखवली. दुसऱ्याने शेवटची. चौथा बराच वेळ फिरला आणि म्हणाला, "आण्णांनी कोनती दाखविली?" मी म्हटलं, "आण्णा अजून यायचेत." तर तो घाबराच झाला. म्हणाला, "मंग मला कसं कळन?"

शेवटी आण्णा. ते ओळीतून एकदाच चालत गेले आणि काठी टेकवून म्हणाले, "ही. म्हातारीचीच. डोळे मिटून सांगतो."

"आरं मुडद्या!" कोपऱ्यातून आवाज आला. "डोळे उघड की जरा. ती माझी हाय! मला मारतूस का जितेपनी?"

शिपाई तोंडावर हात धरून बाहेर पळाला. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, खांदे हलत होते. आण्णांचा चेहरा मला अजून आठवतो. ते लबाड नव्हते. त्यांना मनापासून वाटलं होतं की आपल्याला माहीत आहे.

धरणावरची चप्पल एकानेही ओळखली नाही.

मग मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. या सगळ्यात म्हातारीबरोबर दिवसरात्र राहणाऱ्या बाईला, तिच्या सुनेला, कोणी पारावर बोलावलंच नव्हतं. मी घरी गेलो. सून चुलीपाशी होती. पदर सावरून उठली.

"सासूबाईंच्या चपला कशा होत्या?"

"दाखविते." ती आत गेली आणि फळीवरून एक जोडी घेऊन आली. कोरी करकरीत. "यायनीच आनल्यात मागल्या उन्हाळ्यात. घालतच न्हाई माय. पाय भाजतेत म्हन्लं तरी न्हाई. म्हनती, मेंढरामागं चपला घालून कुनी जातं का?"

"मेंढरामागं?"

"आमच्या घरी मेंढरं व्हती पयले. माय त्याच्यातच वाढली. इकली आता, शेतीच करतो. पर तिच्या डोक्यात मेंढरंच. घरात बसून बी हाळी देती."

म्हणजे अख्ख्या गावाने अनवाणी चालणाऱ्या बाईची चप्पल ओळखली होती, आणि त्या बोलण्यापुढे खुद्द मुलालाही आईचे अनवाणी पाय आठवले नव्हते.

मुलावरचा संशय उडाला, पण म्हातारी कुठे? पाणी शोधून काही सापडलं नव्हतं. बाजाराच्या जागेवर आमच्या शिपायांनी दोनदा विचारलं होतं, फोटो दाखवला होता. कोणीही हरवलेली म्हातारी पाहिली नव्हती. ऊन वाढत होतं. माझ्या डोक्यात एकच चित्र यायचं, कुठल्यातरी बांधावर, झाडाची सावलीही नसलेल्या जागी पडलेलं हिरवं लुगडं. जेवण जाईना. बायको म्हणायची, "तुमची का आई आहे ती?" माझी आई समुद्राकाठी, माझ्यापासून किती लांब. तिला कधी अशी भूल पडली आणि ती बाजारात उठून चालायला लागली तर तिकडचा कोणता हवालदार तिला शोधेल, हे मनात यायचंच.

पुढच्या आठवडी बाजाराला मी साध्या वेशात गेलो. बाजार भरला की तीच माणसं त्याच जागी बसतात. लिंबापासून थोड्या अंतरावर दावी, कासरे आणि जनावरांच्या गळ्यातल्या घंटा विकणारा एकजण बसला होता. मी फोटो दाखवला.

"हरवलेली म्हातारी? न्हाई बा. परवा घरी येऊनबी कुनी इचारलं. म्हन्लं न्हाई."

मी उठलो आणि पुन्हा बसलो. का कोण जाणे, सुनेचं बोलणं आठवलं. म्हटलं, "हरवलेली सोडा. त्या दिवशी तुमच्याकडं कोणत्या म्हाताऱ्या आल्या, तेवढं सांगा. कोणीही. गिऱ्हाईक असो, नसो."

"तशा लै येतेत. एक व्हती मेंढरावाल्यांची. लै चिकट. येक येक घंटी उचलायची, कानाला लावायची, वाजवायची. म्हनती, ही बोकडाची हाय, मेंढीला न्हाई चालायची. मी म्हन्लं, माय, घ्यायची तर घे, न्हाईतर माझं डोकं खाऊ नको."

"हातात काय होतं तिच्या?"

"पटका व्हता तांबडा. बायामानसाच्या हातात पटका, म्हनून ध्यानात ऱ्हायलं."

माझा आवाज बदलला असणार, कारण तो सावध झाला.

"मग कुठं गेली?"

"जाईन कुठं? मेंढरं चालली व्हती ह्या रस्त्यानं, त्यायच्या मागं गेली. एक कोकरू मागं ऱ्हायलं व्हतं, ते उचललं काखंत आन् चालली. काहून, काय झालं?"

"तिलाच शोधतोय आम्ही."

त्याने हातातला कासरा खाली ठेवला. "तुमी हरवलेली इचारली साहेब. ती हरवलेली न्हवती. हरवलेलं मानूस असं चालतं का?"

खरं होतं. आम्ही चुकीचा प्रश्न घेऊन बाजारभर फिरलो होतो. हरवलेली बाई कोणीच पाहिली नव्हती. अनवाणी, काखेत कोकरू, मेंढरांमागे हाळी देत जाणारी म्हातारी मात्र सगळ्या बाजाराने पाहिली होती, आणि प्रत्येकाला वाटलं होतं, असेल त्यांच्यातलीच कोणाची तरी.

रब्बी निघाली की रानं मोकळी होतात. शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतात आणि कळप एका रानातून दुसऱ्या रानात सरकत राहतो. चार ठिकाणी चौकशी केल्यावर कळलं, तो कळप सिद्धेश्वरकडच्या अंगाला, कालव्याखालच्या रानात आहे. मी मुलाला बोलावून घेतलं. तो माझ्या मोटारसायकलवर मागे बसला आणि वाटभर माझा खांदा घट्ट धरून होता.

रानात मेंढरं उन्हाला डोकी एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी होती. चार चुली मांडलेल्या, घोडी बांधलेली. मधोमध कोकरांना अडवायला जाळं लावलेलं आणि जाळ्याच्या आत, कोकरांच्या घोळक्यात, एक म्हातारी बसलेली. लुगडं मळकट, नथ नाही, फोटोतल्या बाईशी काही साम्य नाही. मांडीवर तांबड्या पटक्यात गुंडाळलेलं नुकतं जन्मलेलं कोकरू.

मुलगा जागीच थांबला. मी त्याला हाताने थोपवलं आणि आधी पहिल्या चुलीपाशी गेलो.

"बाई, त्या आजी कोण?"

"त्या व्हय? आमच्या थोरल्या जावंची आत्या."

पलीकडच्या चुलीवरच्या थोरलीने मान वर केली. "माझी? माझी कुठली? तुझ्या माहेरची हाय ना ती?"

"माझ्या माहेरची? मी तर पहिल्यांदा बघितली."

"आगं, मला वाटलं मामंजींच्या बहिनीपैकी कुनी," तिसरी म्हणाली.

सगळ्यांनी कळपाच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून उभा होता. "मी कशाला इचारू? बायामानसांकडली हाय म्हन्लं."

मग धाकटीला हसू फुटलं आणि तिचं बघून सगळ्यांना.

"मग इतके दिवस जेवायला कोणी घातलं?" मी विचारलं.

"समद्यांनी! आज हिच्या चुलीवर, उद्या तिच्या. आमी म्हन्लं, हिची पाव्हनी हाय तर आपून बी येक डाव करावं."

"पण विचारलं नाही कोणी?"

थोरलीला माझा प्रश्न आवडला नाही. "साहेब, म्हातारं मानूस जेवाया बसल्यावर त्याला इचारत्यात का, तू कोनाची म्हनून? कसं वाटन तिला? आन् ती काय परकी वाटती का? आल्या आल्या मला शिव्या घातल्या, कोकरू उन्हात ठिवलं म्हनून."

मी आजवर खूप पंचनामे लिहिले, पण त्या रानात मला काय लिहावं हे सुचेना. पारावर प्रत्येकाने मानलं की दुसऱ्याने पाहिलं असेल, आणि एका निर्दोष माणसाचा गळा आवळत आणला. इथे प्रत्येकीने मानलं की ती दुसरीची असेल, आणि एका वाट चुकलेल्या म्हातारीला ऊन लागू दिलं नाही. खोड एकच. पारावर ती जिवावर उठली आणि रानात तिने भाकरी वाढली.

मुलगा जाळ्यापाशी जाऊन बसला.

"माय."

म्हातारीने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चेहरा उजळला.

"दादा! आलास का न्यायला? लै उशीर केलास रं."

ती त्याला आपला भाऊ समजली होती. तो भाऊ कधीच गेलेला. मुलाचे ओठ हलले. तो काय बोलेल याची मला धास्ती वाटली, कारण इतक्या दिवसांनी आई सापडावी आणि तिने आपल्याला ओळखू नये हे सोसायला अवघड. पण त्याने हात पुढे केला.

"केला बाई उशीर. चल, घरी जाऊ."

तिने कोकरू थोरलीच्या हातात दिलं, दूध कसं पाजायचं ते पुन्हा एकदा बजावलं. पटका झटकला. जाताना प्रत्येक चुलीपाशी थांबली. बायकांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. गाडीपाशी आल्यावर तिने पटक्याचं एक टोक मुलाच्या हातात दिलं.

"बांध. न्हाईतर पडन मी."

आता तिला कसं आठवलं, मला माहीत नाही. त्याने तिला स्वतःशी बांधलं आणि मग तो रडला. पारावरच्यांना हवा होता तो एक टिपूस नव्हे, ओक्साबोक्शी, गाठ मारलेली तशीच धरून. म्हातारी त्याच्या पाठीवर थापटत होती. "रडतूस कशाला दादा? मेंढरं समदी हायत."

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजे साहेब, मी काई केलं न्हाई ना?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तू काही केलं नाहीस." आई समोर जिवंत उभी, तरी त्याला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

जबाब झाले, मिसिंग बंद झाली. तिघांना एका गाडीवर बसवता येईना म्हणून साहेबांनी ठाण्याची जीप पाठवली होती. म्हातारी बिनतक्रार तिच्यात बसली. गावात शिरलो तर पारावर तीच माणसं. आण्णा उठून पुढे आले, म्हातारीला हात जोडले आणि मला म्हणाले, "मी पयल्यापासून म्हनत व्हतो जमादार, पोरगं तसं न्हाई."

"बराबर," शेजारचा म्हणाला.

"आमाला म्हाईतच व्हतं," तिसरा म्हणाला.

मला राग यायला हवा होता. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं तर ते खरंच आनंदात होते, आणि खरंच तसं मानत होते. फाट्यावरच्या टपरीवाल्याने तर कमाल केली. चहाचा कप पुढे करत म्हणाला, "सांगितलं व्हतं ना जमादार, धरणाकडं गेली म्हनून? धरणाकडंच सापडली!"

माझी मुलगी आता महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती वही बाजूला ठेवून ऐकत राहिली. म्हणाली, "बाबा, यातल्या एकेका गोष्टीला आमच्या विषयात नाव आहे. पहिल्या वर्षाची मुलं नावं पाठ करतात, पण त्यांना ती रोजच्या जगण्यात दिसत नाहीत. तुम्ही हे लिहून काढा." नावं तिने सांगितली, मला पाठ झाली नाहीत. मला कळलं ते एवढंच. माणूस वाईट असतो म्हणून कळपात चुकतो असं नाही. शेजारी मान हलवतो म्हणून आपली मान हलते. पुढे सगळ्या नोकरीत मी जबाब घेताना पहिला प्रश्न बदलला नाही. "तू स्वतः काय पाहिलंस?" त्यावर "सगळ्यांना माहीत आहे" असं उत्तर आलं की मी पेन खाली ठेवायचो आणि चहा मागवायचो.

आणि दुसरं म्हणजे, एकटं बसलेलं म्हातारं माणूस दिसलं की मी विचारतो. त्या मेंढरावाल्या बाईंना ते आवडणार नाही, पण मी जेवताना विचारत नाही, नुसतं बसलेलं असताना विचारतो. निवृत्तीनंतर मी समुद्राकाठी परत जाईन असं सगळ्यांना वाटलं होतं. आई गेली, घर भावांचं झालं, आणि माझा पाय इथून निघाला नाही. रोज सकाळी हिंगोलीच्या बसस्थानकावर फेरी मारतो. बायको म्हणते, तुमची ड्युटी काही संपत नाही.

परवा एक म्हातारबाबा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. एक गाडी गेली, दुसरी गेली, ते हलेनात. मी शेजारी जाऊन बसलो.

"बाबा, कोणासोबत आलात?"

त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. "पोरगा तिकीट काढाया गेलाय. काहून?"

"काही नाही. सहज."

तेवढ्यात मुलगा आलाच. बाबा उठले, पिशवी सावरली, दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "मला इचारता, तुमी कोनासंगं आलाव? कुठले तुमी?"

हा प्रश्न या जिल्ह्यात मला पहिल्या दिवसापासून विचारला गेला आहे. प्रत्येक वेळी मी समुद्राकाठच्या गावाचं नाव सांगायचो, आणि मग ते कुठे आहे हे समजावून सांगायचो. उंबऱ्यावर झाकून ठेवलेली भाकरी मला आठवली.

"इथलाच," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली आणि गाडीत चढले.